भर चौकात फाशी? लहान मुलांवरच्या अत्याचारानंतर हमखास विचारले जाणारे प्रश्न

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, म्हणजे पोक्सोच्या खटल्यांत मुलांसोबत कोर्टात जाणं हे माझं काम. कायदा मला 'साहाय्यक व्यक्ती' म्हणतो, मुलं ताई म्हणतात. पेपरात अशी एखादी बातमी आली की पुढचे आठ-पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. शेजारी, नातेवाईक, शाळेतले शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी असे सगळे विचारतात आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. दर वेळी घाईघाईत अर्धवट उत्तर दिलं जातं. म्हणून एकदा नीट बसून लिहिते आहे.

असल्या माणसाला भर चौकात फाशी का देत नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा कापत असतो. त्या रागाला मी कधीच नावं ठेवत नाही. चार वर्षांच्या पोरीबद्दल वाचून ज्याच्या पोटात काहीच कालवत नाही, त्याची मला जास्त भीती वाटते.

पण जाहीर फाशी आपल्याकडे देता येत नाही. १९८० च्या दशकात राजस्थान उच्च न्यायालयाने एका खटल्यात मैदानात, लोकांसमोर फाशी देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला आणि अशी फाशी राज्यघटनेत बसत नाही असं स्पष्ट केलं. गुन्हा कितीही रानटी असला तरी शिक्षा देणाऱ्या राज्याने रानटी होऊ नये, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. त्यात आणखी एक भर मी घालेन. चौकातल्या त्या गर्दीत लहान मुलंही असणार आहेत.

पण कायद्यात फाशी आहे की नाही?

आहे. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं, म्हणून 'कायदा कडक करा' ही मागणी दर वेळी नव्याने होते.

पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. २०१८ मध्ये जम्मूतल्या कठुआ आणि उत्तर प्रदेशातल्या उन्नावमधल्या मुलींवरच्या अत्याचारांनंतर देशभर संताप उसळला आणि १२ वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीपर्यंतची शिक्षा आली. २०१९ च्या दुरुस्तीने पोक्सोतही बलात्काराच्या स्वरूपाच्या गंभीर लैंगिक हल्ल्यासाठी किमान २० वर्षं, जन्मठेप किंवा फाशी अशी तरतूद झाली. यातली जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात. १६ वर्षांखालच्या मुलावर वा मुलीवर बलात्कार झाला तर शिक्षा २० वर्षांच्या खाली येऊच शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही या तरतुदी कायम आहेत. लैंगिक हेतूने नुसता स्पर्श केला तरी तीन ते पाच वर्षं, आणि तेच शिक्षकाने, पोलिसाने किंवा घरातल्या माणसाने केलं तर पाच ते सात वर्षं.

एवढ्या कडक कायद्यावर आणखी काय चढवायचं, ते मला खरंच कळत नाही.

मग फाशी होते कुठे? वर्षानुवर्षं पोसत तर बसतात!

२००० सालापासून आपल्या देशात आठ जणांना फाशी झाली. त्यातले तीन दहशतवादाच्या खटल्यांतले. उरलेले पाच बलात्कार आणि खुनाचे दोषी: २००४ मध्ये कोलकात्यात एक आणि २० मार्च २०२० ला तिहारमध्ये दिल्लीच्या निर्भया प्रकरणातले चौघे. एवढ्या मोठ्या देशात, इतक्या वर्षांत, पाच.

आपल्या कोल्हापूरचं उदाहरण घ्या. गावित बहिणींनी लहान मुलं पळवली, चोरीसाठी त्यांना ढाल म्हणून वापरलं आणि नकोशी झाल्यावर मारून टाकलं. २००१ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेचा अर्ज फेटाळायला २०१४ उजाडलं. सरकारने या अर्जावर इतका वेळ घालवला की जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच विलंबामुळे फाशीची जन्मठेप केली. फाशी रद्द झाल्याचा दोष लोकांनी न्यायालयाला दिला. फाईल ज्या टेबलांवर पडून राहिली, त्या टेबलांपर्यंत एकही मोर्चा गेला नाही.

कोपर्डीचंही तसंच. १३ जुलै २०१६ ला शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. २९ नोव्हेंबर २०१७ ला अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. सव्वा वर्षात खटला संपला, हे आपल्याकडे फार वेगाने झालं म्हणायचं. पुढे शिक्षा अमलात येण्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, मुख्य दोषी येरवडा कारागृहात गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला.

फाशीची मागणी करणाऱ्यांनी हे हिशेब डोळ्यांसमोर ठेवावेत. सुनावलेली फाशी आणि दिलेली फाशी यांच्यात कित्येक वर्षं जातात, आणि त्या सगळ्या काळात पोरीच्या घरच्यांना प्रत्येक अपिलाबरोबर तेच पुन्हा जगावं लागतं.

धाक तर बसेल ना?

कुणाला बसेल, ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात. पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, बापाचा मित्र, प्रेमाचं आमिष दाखवणारा, कधी बापच. अंधारात झाडामागे दबा धरून बसलेला अनोळखी राक्षस आपल्या डोक्यात असतो. कागदावर आलेला माणूस मात्र दिवाळीला घरी फराळाला आलेला असतो.

अशा माणसाला फाशीचा धाक वाटत नाही, कारण आपण पकडले जाऊ असंच त्याला वाटत नाही. मूल बोलणार नाही, बोललं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, ठेवला तरी घरचे अब्रूपायी गप्प बसतील, या तीन गोष्टींवर त्याचा भरवसा असतो. बहुतेक वेळा तो भरवसा खरा ठरतो. धाक बसवायचा तर तिथे बसवायला हवा.

दुसरी गोष्ट लिहिताना माझाच हात थबकतो. बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल तर एकुलता एक साक्षीदार जिवंत ठेवण्यात गुन्हेगाराचा फायदा काय उरतो? तो साक्षीदार म्हणजे ते मूल. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. कडक शिक्षेला त्या समितीचा विरोध नव्हता, हे मुद्दाम सांगते. तिने मरेपर्यंत जन्मठेप सुचवली होती.

शिवाजी महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले होते. तसा चौरंगा का नाही करत?

हा प्रश्न तर येतोच येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत महाराजांबद्दलचा आदर असतो. तोच आदर ठेवून उत्तर देते.

२८ जानेवारी १६४६ च्या त्या पत्रात काय आहे ते पूर्ण वाचा. बाबाजी गुजर हा रांझे गावचा पाटील. त्याने बदअमल, म्हणजे दुर्वर्तन केल्याचं कानावर आलं, त्याला हुजुरात आणवलं, शहानिशा केली, ते खरं ठरलं आणि मग शिक्षा झाली. सतराव्या शतकात हातपाय तोडणं ही अनेक राज्यांतली रीत होती, त्यात नवल नाही. नवल यात आहे की शिक्षा पाटलाला झाली. गावातला सर्वांत वजनदार माणूस, ज्याच्याविरुद्ध तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती, तो सुटला नाही.

आता आजच्या काळाकडे या. संस्थेचा विश्वस्त, वसतिगृहाचा अधीक्षक, मठातला महाराज, घरातला कर्ता पुरुष हे आजचे पाटील. त्यांच्यावर आरोप आला की आपण काय म्हणतो? 'एवढ्या मोठ्या माणसावर चिखल उडवू नका.' चौरंग मागतो तो सफाई कामगारासाठी, परप्रांतीय मजुरासाठी. रांझ्याचा दाखला द्यायचा तर पाटलापासून सुरुवात करायला हवी.

बदलापूरचा आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. झाला ना न्याय?

नाही झाला. सविस्तर सांगते, कारण या प्रकरणात आपल्या रागाने काय मिळवलं आणि काय गमावलं ते दोन्ही दिसतं.

ऑगस्ट २०२४. शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले आणि गुन्हा नोंदवून घ्यायलाच दहा-बारा तास ताटकळले. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद पडल्या. त्यानंतर सगळं हललं. विशेष तपास पथक नेमलं गेलं, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. प्रकार वेळेत कळवला नाही म्हणून शाळेच्या विश्वस्तांवर आणि मुख्याध्यापिकेवर गुन्हा दाखल झाला. रुळांवर उतरलेल्या त्या आयाबायांमुळे हे झालं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

मग २३ सप्टेंबरला तळोजा कारागृहातून नेताना पोलीस व्हॅनमध्येच आरोपी गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले, 'बदला पुरा'चे फलक लागले. न्यायालयीन दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत मात्र पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे सापडले नसल्याचं पुढे आलं आणि पाच पोलीस त्याच्या मृत्यूला जबाबदार धरले गेले. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्यावर गुन्हा नोंदवून तपास करायला सांगितलं.

आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. त्याला शाळेत कुणी घेतलं, मुलींच्या स्वच्छतागृहापाशी पुरुष कर्मचारी का होता, आणखी मुली होत्या का, कुणाकुणाला आधी कळलं होतं, शाळेतलं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण कुठे गेलं? त्या माणसाला साक्षी-पुराव्यांना सामोरं जावं लागलं असतं तर यातलं बरंच न्यायालयात उघड झालं असतं. त्या दोन पोरी मोठ्या होतील. 'न्यायालयाने तुझं म्हणणं ऐकलं आणि ते खरं मानलं' हे वाक्य त्यांना कधीच ऐकायला मिळणार नाही. माझ्या अनुभवात बऱ्या होणाऱ्या मुलांना त्या वाक्याचा फार आधार असतो.

हैदराबादचंही सांगते. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे एका तरुण डॉक्टरच्या बलात्कार-खुनातले चार संशयित पोलिसांनी मारले आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने चौकशी केली. पोलिसांनी मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या आणि चौघांपैकी तिघे तर अठरा वर्षांखालचे होते, असा निष्कर्ष निघाला. फुलं उधळताना हे कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या ताब्यात द्या, आम्ही बघतो. यात चूक काय?

१ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पोट भरायला मंगळवेढ्याकडून आलेली माणसं होती ती. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात तशाच अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक गेले. दोन्हीकडे मारणाऱ्यांना आपण मुलांना वाचवतो आहोत असंच वाटत होतं.

निदान त्याला नपुंसक तरी करा.

औषधं देऊन कामेच्छा दाबण्याची तरतूद दक्षिण कोरिया, इंडोनेशिया अशा काही देशांत आहे. आपल्याकडे २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ती सुचवली होती. वर्मा समितीने आधीच ती नाकारली होती. औषधं थांबली की परिणाम ओसरतो, आणि मुलांवरचा अत्याचार हा पुष्कळदा सत्तेचा, हाताखालच्या जिवाला वापरून घेण्याचा प्रकार असतो. त्याला शरीरातली एक इच्छा मारून काय होणार? हात असतात, मोबाइलचा कॅमेरा असतो, धमकी असते.

शक्ती कायद्याचं काय झालं?

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी शक्ती विधेयक मंजूर केलं. महिनाभरात तपास, त्यानंतर झटपट खटला आणि फाशी अशी रचना होती. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते कायदा झालंच नाही. हळहळणाऱ्यांना मी एवढंच विचारते: पोक्सोत २०१२ पासूनच लिहिलं आहे की न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. ती मुदत पाळायला पुरेसे न्यायाधीश, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा कधी दिल्या?

म्हणजे मोर्चे काढायचेच नाहीत का?

काढायचे, जरूर काढायचे. फक्त मोर्चात काय मागायचं ते नीट ठरवायचं.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, अशी कारणं देत सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. आपल्या वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर त्यांत होते. बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. एका पत्राने पेटलेला राग कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

अलीकडचं उदाहरण नागपूरचं. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की कपड्यांवरून मुलीच्या छातीला हात लावणं हा पोक्सोतला लैंगिक हल्ला नाही, त्वचेला त्वचा लागायला हवी. गदारोळ झाला. देशाचे महान्यायवादी, राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला. त्या गदारोळात कुणाचा जीव मागितला गेला नव्हता. एका चुकीच्या वाक्याची दुरुस्ती मागितली होती, आणि देशातल्या प्रत्येक मुलाला त्याचा उपयोग झाला.

मात्र लोकांचा राग दर वेळी मुलांच्याच बाजूने असतो, असंही समजू नका. १८९० मध्ये कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यानंतर संमतिवयाचं विधेयक आलं, वय १० वरून १२ करायचं एवढंच. आपल्या पुण्यात त्याविरुद्ध मोठ्या सभा झाल्या, लोकमान्य टिळक विरोधात होते. आगरकर, रानडे, भांडारकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

मुलीचा फोटो स्टेटसला ठेवला, श्रद्धांजली म्हणून. चालतं ना?

नाही. नाव, फोटो, शाळा, गल्ली, आईबापांची नावं, ओळख पटेल असं काहीच नाही. हा गुन्हा आहे. मूल दगावलं असलं तरी हाच नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं. कठुआच्या मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. आधीच पाठवलं असेल तर पुसा, आणि ज्या ग्रुपवर टाकलं त्या ग्रुपलाही पुसायला सांगा.

आरोपी 'त्यांच्यातला' आहे, हे बोलायचं नाही का?

आरोपीची जात किंवा धर्म पुढे आला की मूल मागे पडतं. कठुआत आरोपींच्या समर्थनार्थ तिरंगा घेऊन मोर्चा निघाला, वकिलांनी आरोपपत्र दाखल होण्यात अडथळे आणले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने खटला पठाणकोटला हलवला आणि २०१९ मध्ये सहा जण दोषी ठरले. कोपर्डीनंतर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. ते शिस्तीचे होते, त्यातलं दुःख खरं होतं, पण मागण्यांच्या यादीत ॲट्रॉसिटी कायद्यात बदल आणि आरक्षणही आलं. त्याच सुमारास एखाद्या वस्तीतली दलित मुलगी तक्रार करायला निघाली असेल तर तिला ती गर्दी पाहून काय वाटलं असेल, हा विचार मला आजही सोडत नाही.

असल्याचं वकीलपत्र वकील घेतातच कसे?

कुणीतरी घ्यायलाच हवं. आरोपीला वकील मिळाला नाही तर झालेली शिक्षा वरच्या न्यायालयात टिकत नाही आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. 'कुणीही वकीलपत्र घेऊ नये' असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बेकायदा ठरवले आहेत. बचावाच्या वकिलाला मर्यादा मात्र आहे. पोक्सोत तो मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतो. अनेक कोर्टांत हे पाळलं जात नाही. वकिलाच्या नावाने शिमगा करण्यापेक्षा हे पाळलं जातं का ते विचारा.

आरोपी घरातलाच असेल तर?

सगळ्या प्रश्नांत हा प्रश्न मला सर्वांत कमी वेळा विचारला जातो. खरं तर बाकीचे सगळे प्रश्न याच्याच पोटात आहेत.

एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिने आईला सांगितलं, आईने धीर करून तक्रार दिली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गावातल्या प्रकरणाने वातावरण तापलं होतं. टीव्हीवर दिवसभर फाशी, फाशी चाललेलं. दोन दिवसांनी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, मामाला फाशी होणार का? मग मी खोटं बोलले असं सांगा." तिला मामाचा त्रास थांबायला हवा होता. मामा मरायला नको होता. आजी रडत होती, आजोबांनी जेवण सोडलं होतं आणि घरात सगळे तिच्याकडे बघत होते.

शिक्षा जितकी भयंकर, तितकं घरातल्या मुलाच्या डोक्यावरचं ओझं मोठं, हे मी तिच्याकडून शिकले. पुढे साक्षी फिरतात त्या अशाच. आई फितूर होते, कारण कमावणारा तुरुंगात गेला. आजी मुलीला गावी नेऊन ठेवते. आरोपी सुटतो आणि पेपरात छापून येतं, 'पुराव्याअभावी निर्दोष'. वाचणारे म्हणतात, खोटीच तक्रार असेल.

'घरातलं घरात मिटवू' म्हणणाऱ्यांना सांगते: पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत. यातून फक्त मुलांना सूट आहे.

मुलग्यांच्या बाबतीत असं कुठे होतं?

होतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून २००७ मध्ये अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं. बहुतेकांनी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. मुलग्यासाठी निघालेला मोर्चा मात्र मी अजून पाहिलेला नाही.

पण खोट्या तक्रारीही होतात ना?

लहान मूल अशी गोष्ट रचून सांगतं हे माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही. मोठ्यांनी सूडापोटी मुलाला पुढे केल्याची प्रकरणं असतात आणि तशा मोठ्या माणसाला शिक्षाही आहे, मुलाला नाही.

वेगळी एक गोष्ट असते. सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलासोबत पळून जाते, बाप पोक्सो लावतो. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या निकालांच्या एका अभ्यासात साधारण चौथा हिस्सा खटले असे प्रेमप्रकरणांचे निघाले. कडक किमान शिक्षेचा वरवंटा त्या पोरांवरही फिरतो. 'पोक्सोतल्या प्रत्येकाला लटकवा' म्हणताना ही पोरंही त्यात येतात.

खटल्यात मुलाला नक्की काय सोसावं लागतं?

कायद्यात सगळं छान लिहिलेलं आहे. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा, पोलीस गणवेशात नकोत, शक्यतो महिला अधिकारी हवी. सुनावणी बंद दाराआड. आरोपी मुलाच्या नजरेस पडता कामा नये. पुन्हापुन्हा कोर्टात बोलवायचं नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी साक्ष केंद्रं उभारायला सांगितलं. साहाय्यक व्यक्ती ही मेहेरबानी नाही, ती मिळालीच पाहिजे, असा सूर त्याच न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशात होता.

आता मी पाहिलेलं. घटना घडली तेव्हा एका मुलीचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते. साक्षीला उभी राहिली तेव्हा ती सहावीत होती. मधल्या वर्षांत समुपदेशक ताईंनी तिला ते विसरायला मदत केली आणि आता कोर्टाला ते तारीखवार आठवायला हवं होतं. सात वेळा आम्ही गेलो आणि परत आलो. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकील दुसऱ्या कोर्टात. एकदा व्हरांड्यात आरोपी समोरच बसलेला होता आणि तिला पाठीमागे घेऊन मी तासभर खांबाआड उभी राहिले. तिच्यासाठी गावात मोर्चा निघाला तेव्हा चौक पुरला नव्हता. साक्षीच्या दिवशी बाकावर तिची आजी, मी आणि एक पाण्याची बाटली.

तिने साक्ष दिली, आरोपीला शिक्षा झाली. ती फाशी नव्हती. निकाल कळल्यावर तिने मला विचारलं, "म्हणजे सरांनी माझं खरं मानलं?" न्यायाधीशांना ती सर म्हणायची.

तुमच्या मुलीवर वेळ आली असती तर हेच बोलला असता?

त्या क्षणी मीही त्याचा गळा दाबायला धावले असते. म्हणूनच शिक्षा ठरवायचं काम माझ्या हाती नको, कुणाही आईच्या हाती नको. आईला दुसरं काम आहे. पोरीला जवळ घेऊन बसायचं, आणि 'तुझी काही चूक नाही' हे ती मानेपर्यंत तिला सांगत राहायचं.

मग मी नेमकं काय करू?

मुलाने सांगितलं तर ऐका, मध्ये तोडू नका, 'नक्की का?' असं दहादा विचारू नका. अंघोळ घालायची, कपडे धुवायची घाई करू नका, कपडे कागदात गुंडाळून ठेवा. १०९८ किंवा ११२ ला फोन करा. उपचार आधी, कागद नंतर. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात, गुन्हा नोंदवल्याचा कागद मागून अडवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायला हवं. साहाय्यक व्यक्ती तिथेच मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मनोधैर्य योजनेचा अर्ज करा, त्यातून १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि काही रक्कम निकालाआधीही मिळते.

आणि तुमच्या गावातल्या एखाद्या प्रकरणात तुम्ही मेणबत्ती घेऊन उभे राहिला असाल तर खटल्याचा क्रमांक लिहून ठेवा. बंद दाराआड तुम्हाला प्रवेश नाही, पण तारखा पाहता येतात. मुलाच्या घरच्यांना कोर्टात जायला गाडी लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते, धाकट्या भावंडांना कुणीतरी सांभाळावं लागतं. शाळेने मुलाला 'दुसरीकडे घाला' म्हटलं तर मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसायला चार माणसं लागतात. आरोपी जामिनावर सुटून त्याच गल्लीत आला तर घराच्या दाराशी बसायला माणसं लागतात. पुढची तारीख कधी आहे ते घरच्यांना विचारा आणि त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आत पोचा. व्हरांड्यात पंखा नसतो, पाणी बरोबर घ्या.